लंडन ते ओबन, आठ दिवसांचा पास

आमच्या बाबांनी तीस वर्षं विरार ते चर्चगेट असा रेल्वेचा पास काढला. नवा पास घरी आला की आधी हात धुवायचे, टेबलावरचा पसारा बाजूला सारायचा, शाईचं पेन आणि टिपकागद काढायचा, आणि मग ओळखपत्राचा नंबर एकेक आकडा कोरल्यासारखा पासावर लिहायचा. तेव्हाचा नियमच होता तो. नंबर लिहिलेला नसेल तर खिशात पास असूनही माणूस विनातिकीट. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाबा नंबर लिहायला विसरले आणि नेमके त्याच दिवशी पकडले गेले. विनातिकीटवाल्यांच्या बाकावर त्यांना तासभर बसवलं, आणि त्यांच्या ऑफिसातला साहेब समोरून बघत गेला. "खिशात पास असताना चोर म्हणून बसवलं मला," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी पुढचं पूर्ण करायची.

नंबर लिहून भागायचं नाही. कारकुनाने घाईत स्टेशनांची नावं पुसट लिहिली असतील तर बाबा त्यांवरून पुन्हा पेन फिरवायचे. "कुठून कुठे ते लख्ख दिसायला हवं. नाहीतर तो पास कसला?" माझ्या कॉलेजच्या पासावरही तेच लिहायचे. मी म्हणायची, "बाबा, मला लिहिता येतं हो." तर म्हणायचे, "लिहिता येतं गं, पण विसरतेस." माझं डोकं लहानपणापासून तापट, बाबांचं थंड. त्यामुळे भांडणही धड व्हायचं नाही.

बाबा निवृत्त झाले आणि पूर्ण वेळ बोळिंजजवळच्या आमच्या वाडीत रमले. केळी, थोडी पानवेल, एक विहीर आणि तिच्यावर रोज रुसणारा पंप. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं असतील. एक दिवस लंडनहून मामाचं पत्र आलं. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, कितीतरी वर्षं तिकडेच स्थायिक झालेला. मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि आम्हा तिघांची विमानाची तिकिटं तो पाठवणार होता. बाबांनी पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मे महिन्यात मी तिकडे गेलो तर केळींना पाणी कोण लावणार?" त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. केळी म्हणजे केळी.

पत्राच्या शेवटी मामाने एक गोष्ट लिहिली होती. लग्न आटोपल्यावर आठवडाभर रेल्वेने फिरून घ्या. एक तर प्रत्येक प्रवासाचं वेगळं तिकीट काढा, नाहीतर परदेशी पाहुण्यांसाठी एक पास असतो, तो घेतला की ठरलेले दिवस सगळ्या देशात कुठल्याही गाडीने कितीही हिंडा. मात्र तो पास तिथे मिळत नाही, येण्याआधी आपल्या देशातूनच घ्यावा लागतो.

बाबांचा यावर विश्वासच बसेना. "म्हणजे घरच्याला पास नाही आणि पाहुण्याला पास? आणि कुठून कुठे ते लिहिलेलंच नाही?" त्यांनी मामाचं पत्र उजेडात धरून पुन्हा वाचलं. "गाडी कुठलीही, स्टेशन कुठलंही. अरे, पास आहे की जत्रा?"

पण हिशेबी माणूस. मामाकडून त्यांनी पत्रानेच भाडी मागवली आणि माझ्या शाळेच्या एका वहीत मधोमध रेघ मारली. एका बाजूला तिकिटं, दुसऱ्या बाजूला पास. आम्ही कुठे कुठे जाणार ते मामाने सुचवलंच होतं. बर्मिंगहॅमला त्याच्या सासरचे लोक, एक दिवस ऑक्सफर्ड, एक दिवस समुद्रकिनारा. बाबांनी तिन्हींची भाडी मांडली, जाऊन येऊन दोघींची बेरीज केली, आणि तिकिटांची बाजू आरामात जिंकली. पुन्हा केली, पुन्हा जिंकली. मी पासाच्या बाजूने म्हटलं, "बाबा, खिडकीवर जाऊन दर वेळी इंग्रजी बोलायला नको. शिवाय मनात आलं तर बेत बदलता येतो." त्यावर बाबा म्हणाले, "मन बदलायला पैसे कशाला लागतात?" तेव्हा आई वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पास घ्या."

बाबांनी चष्मा काढला. माझ्या आईने आमच्या घरात असं कधी काही मागितलं नव्हतं. साडी घ्यायची झाली तर "कुठलीही चालेल" म्हणणारी बाई ती. बाबांनी विचारलं, "का गं? तिकिटं स्वस्त पडतायत."

"असू दे. पासच घ्या."

"कारण तरी सांग."

"कारण काही नाही," असं म्हणून ती सोललेले वाल घेऊन आत गेली.

दोन दिवस बाबा त्या वहीकडे बघत होते. मी मात्र तिसऱ्याच दिवशी आईला पकडलं. मुंबईत फोर्टमधल्या एका प्रवासी एजन्सीतून मी पासाची माहिती आणली होती. तिच्यासोबत इंग्लंड-स्कॉटलंडच्या रेल्वेचा घडीचा नकाशा होता. शाळेतून आले तर आई तो नकाशा पाटावर पसरून बसलेली. बोट लंडनवर. ते बोट हळूहळू वर सरकत गेलं, बर्मिंगहॅम मागे पडलं, मग आणखी वर, ग्लासगो, आणि तिथून डावीकडे वळून समुद्राला टेकलं. मी वाकून नाव वाचलं. ओबन.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओबनला माझी मावशी राहायची.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. नर्स होऊन विलायतेला गेली आणि तिकडच्या एका माणसाशी लग्न केलं. तो घटस्फोट झालेला, त्यामुळे लग्न देवळात फादरांसमोर नाही, सरकारी कचेरीत. आजच्या पोरांना वाटेल, त्यात काय एवढं? पण त्या काळी आमच्या ख्रिस्ती गावात हे म्हणजे आकाश कोसळल्यासारखं होतं. आजोबांनी तिचं नाव टाकलं. ते गेल्यावर मामाने तोच वसा पुढे चालवला. लंडनला राहूनही त्याच्या घरात तिचं नाव निघत नसे, आणि मुलीच्या लग्नाचं आमंत्रणही तिला नव्हतं. नाताळच्या सुमाराला तिचं एक कार्ड मात्र दर वर्षी आमच्याकडे यायचं, आईच्या नावाने. पोस्टमनकडून बाबा ते घ्यायचे, काही न बोलता आईला द्यायचे, आणि आई ते इतर कार्डांसारखं ख्रिस्तजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याजवळ न मांडता प्रार्थनेच्या पुस्तकात घालून ठेवायची. उत्तर कधी गेलं नाही. अशी वीस वर्षं झाली होती.

"मला तिला एकदा डोळ्यांनी बघायचंय," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, मीठ संपलंय असं सांगावं तसा. "तुझ्या मामाला सांगितलं तर तो सोडणार नाही. पास असला तर कुठे जातो ते कुणाला विचारावं लागत नाही ना?"

"आणि बाबांना?"

"त्यांना नको. मामाचे ते जुने मित्र. तेव्हाही ते काही बोलले नव्हते."

"बोलले नाहीत म्हणजे मामासारखंच मत आहे असं थोडंच आहे, आई!" मी चिडले. "विचार ना सरळ. खातायत का काय ते तुला?"

"नाही म्हणाले तर मग मला जाताच येणार नाही," आई म्हणाली. बाबांचा नकार डावलून लपूनछपून जाणं तिला जमलं नसतं. न विचारता जाणं तिच्या हिशेबाने खोट्यात मोडत नव्हतं. "कुमसारात सांगण्याइतकं तर नाहीच," असं तिने मला बजावलं. म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करताना हे यादीत धरायचं नाही, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. मावशीलाही तिने काही कळवलं नाही. कळवलं आणि तिकडून नको असं आलं तर? त्यापेक्षा दारात जाऊन उभं राहायचं, असा तिचा बेत. मी मूग गिळून बसायचं कबूल केलं.

त्याच संध्याकाळी बाबा वाडीतून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "पास घेऊ या. आठ दिवसांचा." मग आईकडे बघून, "आठ दिवस पुरतील का?" आई म्हणाली, "पुष्कळ झाले." मला वाटलं, बायकोचा हट्ट म्हणून बाबा नमले. आम्ही दोघींनी मनातल्या मनात हुश्श केलं.

पास आले. जाडसर कागदाचे, वर आमची नावं आणि पासपोर्टचे नंबर एजन्सीने टाइप केलेले. तारखेची जागा मुद्दाम कोरी होती. आम्ही पहिल्यांदा गाडीत बसू त्या दिवशी तिथल्या स्टेशनातला कारकून तारीख घालून शिक्का मारणार, आणि तिथून आठ दिवस मोजायचे. एजन्सीतल्या माणसाने मला हे नीट समजावलं होतं, मी घरी येऊन ते बाबांना समजावलं, आणि पास त्यांच्याकडे ठेवायला दिले. घरातले महत्त्वाचे कागद बाबांकडेच असायचे. विमानतळावर त्यांनी दोन्ही पास प्लास्टिकच्या पाकिटात घालून, वर रबर लावून माझ्या हातात ठेवले. "आता उघडू नकोस. स्टेशनवरच काढ. सगळं व्यवस्थित आहे."

हे "सगळं व्यवस्थित आहे" ऐकून मला तिथेच शंका यायला हवी होती.

विमान उडाल्यावर तासाभराने आईने पास बघायला मागितले. मी पाकीट उघडलं. दोन्ही पासांवर, खालच्या मोकळ्या जागेत, निळ्या शाईने, बाबांच्या त्या कोरीव ऑफिसच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: लंडन ते ओबन. खाली रेघ. पासपोर्टचा नंबरही छापलेल्या नंबरावरून पुन्हा एकदा गिरवलेला.

मी पास उलटा केला. मागे बारीक अक्षरात नियम होते, आणि त्यांतला एक मी आधीच वाचलेला होता. पासावर रेल्वेच्या कर्मचाऱ्याशिवाय कुणीही काहीही लिहिलं किंवा बदललं तर पास रद्द.

"काय झालं?" आईने विचारलं. मी पास तिच्यापुढे धरला. आईला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. तिने एकेक अक्षर लावलं. ओबनपाशी आली, तिथेच थांबली, आणि पास छातीशी धरला.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "अगं, त्यांना ठाऊक होतं! आणि तरी त्यांनी पास घेतला." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ती हसत होती. शेजारच्या बाईने काळजीने रुमाल पुढे केला. इतके दिवस आई नवऱ्यापासून लपवून जातेय या ओझ्याखाली दबून गेली होती, हे मला तेव्हा कळलं. ते ओझं एका क्षणात उतरलं होतं.

आणि मी? मी संतापाने लाल. "आई, त्यांना ठाऊक होतं हे छानच आहे गं, पण पास मेला ना! रद्द झाला! सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा की हा आपल्यासारखा पास नाही, कुठेही चालतो. पण यांचं आपलं कुठून कुठे ते लख्ख दिसायला हवं!"

"त्यांना वाटलं असेल, कुणी आपल्याला अडवू नये."

"तेच तर! अडवू नये म्हणून लिहिलं आणि आता त्यानेच अडवणार."

"सायबीण बघून घेईल," आई म्हणाली आणि देवमाउलीच्या भरवशावर झोपलीसुद्धा. मी जागीच. पास गेला तर काय? नवा पास इंग्लंडात मिळत नाही. सरकारने मोजून मापून दिलेलं परकीय चलन, त्यात ओबनची दोन तिकिटं काढली तर परतेपर्यंत हातात काही उरणार नव्हतं. राहिला मामा. ओबनचं तिकीट मामाकडे मागायचं म्हणजे मावशीचं नाव त्याच्या घरात काढायचं, तेही लग्नघरात. ते तर आईच्या हातून सात जन्मांत झालं नसतं. म्हणजे एवढा समुद्र ओलांडून आई बहिणीच्या देशात जाणार आणि तिला न बघता परत येणार. बाबांचं ते सुंदर अक्षर डोळ्यांपुढे येऊन मला रडूच कोसळलं.

लग्न झकास झालं. पण मी त्यात कुठे होते? मामा एकदा म्हणाला, "आण बघू ते पास, मी नियम वाचून देतो." आईने पटकन सांगितलं, "सामानात खाली आहेत, आता कुठे उपसायचं?" इतकं सफाईदार बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. शनिवारी लग्न झालं, सोमवारी निघायचं घरूनच ठरवलं होतं, पण आज याच्याकडे जेवण, उद्या त्याच्याकडे चहा, असं करत बुधवार उजाडला. शेवटी मी मामीला सांगून टाकलं की उद्या सकाळी आम्ही निघणार, देश बघणार. मामाने आम्हाला ऑफिसला जाता जाता यूस्टन स्टेशनवर सोडलं. बर्मिंगहॅमची गाडीही तिथूनच सुटते, त्यामुळे त्याने काही विचारलं नाही.

यूस्टनला खिडकीपलीकडे पन्नाशीचा माणूस होता, नाकावर अर्धा चष्मा. मी पास सरकवले. त्याने वरचा पास घेतला, शिक्का उचलला, आणि शिक्का हवेतच राहिला. "हे कोणी लिहिलं?"

मी आठवडाभर याच प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत पाठ केलं होतं. काही गळून पडलं, काही जिभेला चिकटलं. "माझ्या वडिलांनी. आमच्या देशात पासावर स्टेशनांची नावं लागतात, म्हणून." तो म्हणाला, "पण मागे लिहिलंय की असं काही लिहिलं तर पास चालत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." मागे रांग लागलेली. आता हा वरच्या साहेबाला बोलावणार, माझ्या मनात आलं.

तेवढ्यात आईने मला कोपराने बाजूला केलं. साडीवर मामीचा कोट, हातात पिशवी, आणि माझी आई आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाशी इंग्रजीत बोलली. "माय हजबंड," ती म्हणाली. "थर्टी इयर्स, पास. एव्हरी डे, पास. गुड मॅन. नो चीटिंग."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "तुमचे यजमान कुठे आहेत, मॅडम?"

"होम," आई म्हणाली. "बनाना. वॉटर."

तो गोंधळला. मी घाईघाईने सांगितलं की आमच्या केळींना पाणी द्यायला वडील घरी राहिले. "आणि ओबनला कोण आहे?" त्याने विचारलं. आईला प्रश्न कळला. "सिस्टर," एवढंच ती म्हणाली. "ट्वेंटी इयर्स."

त्या माणसाने शिक्का मारला, दण्ण. दुसऱ्या पासावर मारला, दण्ण. कोऱ्या जागेत तारखा घातल्या, आणि बाबांच्या ओळीशेजारी स्वतःची छोटी सही ठोकली. मग पास परत देताना बोट त्या निळ्या अक्षरांवर ठेवून म्हणाला, "यांनी एक गोष्ट लिहिली नाही. ग्लासगोला उतरून दुसऱ्या स्टेशनला चालत जावं लागतं." आणि पुढच्याला हाक मारली.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो कसा पडतो ते मला त्या दिवशी कळलं. मी फलाटावरच्या बाकावर बसकण मारली आणि खुळ्यासारखी हसत सुटले. आई म्हणाली, "बघ, सही केली त्याने. आता तर तुझ्या बाबांचं अक्षर सरकारीच झालं." आठवडाभर आतल्या आत उकळत होते मी, आणि आता बाबांवरचा रागही कुठे सापडेना.

गाडीत आम्ही दोघी अधाशासारख्या खिडकीबाहेर बघत राहिलो. तिकीट तपासनीस आला, पास पाहिले, मान हलवून गेला. पुन्हा एक आला, त्यानेही तेच. दर वेळी आई पास पुढे करताना खांदे ताठ करायची. ग्लासगोला आम्ही पिशव्या घेऊन एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात चालत गेलो, तीन माणसांना वाट विचारत. तिथली बोली मला काडीची कळेना. आईला मात्र हातवारे कळत होते, त्यामुळे शेवटी तीच पुढे आणि मी मागे. मग डोंगर, तळी, मेंढ्या, पुन्हा तळी. संध्याकाळचे आठ वाजले तरी ऊन होतं. ओबन जवळ यायला लागलं तसा आईचा चेहरा उतरत गेला. "दार नाही उघडलं तर?" ती पहिल्यांदाच बोलली. "उघडेल," मी म्हटलं. पण मला तरी कुठे ठाऊक होतं?

ओबन म्हणजे रुळाचं शेवटचं टोक. पुढे समुद्रच. उतरणारे वीसेक जण असतील. ते पांगले आणि फलाटाच्या टोकाशी एक बाई उरली. निळा कोट, पिकलेले केस. शेजारी एक उंच टकला माणूस थर्मास धरून उभा. आईने तिला ओळखलं नाही. तिने मात्र आईला ओळखलं, आणि तरातरा चालत आमच्याकडे आली. मिठी नाही, रडणं नाही, कमरेवर हात ठेवून आमच्या गावच्या बोलीत, जशी गेली होती त्याच बोलीत, तिने तोफ डागली.

"काय गं बाय, किती दिवस वाट बघायची मी? सोमवारपासून येतेय! दिवसातल्या सगळ्या गाड्या! ड्युट्या बदलून बदलून मेट्रनचं डोकं फिरायची वेळ आली. पास काढून आलात म्हणे, कधीही येणार म्हणे! सरळ तिकीट काढलं असतं तर एक दिवस, एक गाडी, मला एकदाच यावं लागलं असतं!"

आईने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

मावशीने कोटाच्या खिशातून पत्र काढलं. टाइप केलेलं, खाली बाबांची सही. बाबांना घरगुती पत्र लिहिताच यायचं नाही. त्यांनी मेहुणीला चक्क ऑफिसचं पत्र पाठवलं होतं, इंग्रजीत, वर विषय घालून. मी तिथेच उभ्या उभ्या आईला मराठीत सांगितलं. महोदया, आपल्या कार्डावरच्या पत्त्यावर हे पाठवत आहे. आपली बहीण आणि भाची आठ दिवसांच्या पासावर प्रवास करीत असून खाली दिलेल्या तारखेच्या सोमवारपासून कोणत्याही गाडीने आपल्या स्टेशनवर पोहोचतील. नक्की गाडी कळवणे शक्य नाही, क्षमस्व. आपल्या बहिणीने मला याबाबत काही सांगितलेले नाही, तरी मी सांगितल्याचे तिला कळू नये. कृपया उतरवून घ्यावे.

"कळू नये म्हणे," मावशी म्हणाली. "वीस वर्षांत तुमच्या घरून आलेला पहिला कागद हा."

मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गार्ड, हमाल, तो थर्मासवाला काका, सगळे दुसरीकडे बघायला लागले. मला इतकं हलकं वाटत होतं की मी काकांच्या हातातला थर्मास घेऊन न विचारता चहाच ओतून घेतला. बऱ्याच वेळाने आईने डोळे पुसले, ते पत्र माझ्या हातून घेऊन बाबांच्या सहीवरून अंगठा फिरवला.

"विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते गं," ती बहिणीला म्हणाली. "वीस वर्षं मी विचारलंच नाही."

मावशीने आईच्या हातातली पिशवी काढून घेतली. "मी तरी कुठे विचारलं, बाय, की येऊ का म्हणून?"